आमची पिकअप विचार करते

माणसाने एकदा तरी स्वतःच्या हाताने गाडी दुरुस्त करावी, त्यात वेगळाच आनंद असतो, असं म्हणणारा जो कोणी असेल त्याला मला एकदा भेटायचंय. भेटून मारणार वगैरे नाही. आमच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसवीन, गिअरचा दांडा डीवर टाकायला सांगीन आणि वर जाऊन निवांत चहा पिईन. चहा पिऊन मी खाली येईपर्यंत तो गृहस्थ तिथेच असेल.

मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा किलो हा किलोच आहे ना, दुधाचं लिटर हे लिटरच आहे ना, हे बघून शिक्का मारणारा माणूस. तेरा वर्षांच्या नोकरीत माझ्या मापाला कोणी नाव ठेवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात सगळे हे विसरले आणि मला ते फार लागलं.

पिकअप सासऱ्यांची. सासरे सुतार. गुडघा धरल्यापासून क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी शोधून शोधून ही ऑटोमॅटिक पिकअप मिळवली आणि वीस वर्षं तिच्यातून लोकांची कपाटं, पलंग, दारं पोचवली. गेल्या वर्षी रात्रीचं दिसेनासं झालं तेव्हा धंदा बंद करून ते आमच्याकडे राहायला आले आणि गाडीची किल्ली हिच्या हातात ठेवली. हिच्या. मी तिथेच दोन फुटांवर उभा होतो, हातही थोडा पुढे केला होता. तो मी मग केसांवरून फिरवला.

इथे मध्येच एका फळीची गोष्ट सांगणं भाग आहे. कंटाळू नका, छोटी आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी स्वयंपाकघरात कपबशांसाठी एक फळी ठोकत होतो. सासरे पाहुणे म्हणून आलेले. मागे उभे राहून म्हणाले, "जावईबापू, डावीकडे जरा..." मी तेव्हा तरुण होतो, सरकारी नोकरी नवी होती आणि हातात हातोडी होती. मी वळून म्हणालो, "बाबा, मी विचारल्याशिवाय मला सल्ला देत जाऊ नका." ते म्हणाले, "बरं." झालं. बारा वर्षं झाली त्याला. त्या माणसाने त्या दिवसापासून मला एकही सल्ला दिलेला नाही. मी उलटा शर्ट घालून ऑफिसला निघालो तरी ते नुसते बघतात आणि चष्मा पुसतात. फळी अजून आहे. तिच्यावरचे कप हळूहळू डावीकडे सरकतात आणि तिकडे गर्दी करतात. जमीनच वाकडी आहे, असं मी हिला पटवून ठेवलंय.

तर आता पिकअप. हिचं वेड म्हणजे झाडं. गच्चीवर फर्न आहेत, गुलाब आहेत, निवडुंगाचे एकशेएक प्रकार आहेत. मला बसायला जागा नाही, पण निवडुंगाला आहे. शहराच्या मोठ्या बागकाम प्रदर्शनात तिला स्वतःचा गाळा लावायचा होता. तीन वर्षं अर्ज करत होती, तीन वर्षं नकार येत होता. या वर्षी मंजूर झाला. पत्र आलं तेव्हा ती ते चार वेळा वाचून शेवटी माझ्याकडे देऊन म्हणाली, "तुम्ही वाचा बरं, खरंच माझंच नाव आहे का." अट एकच होती. रविवारी सकाळी दहाच्या आत माल गाळ्यावर पोचला पाहिजे, नाहीतर गाळा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला.

एकशे चाळीस कुंड्या. तिने टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं होतं.

"घरात गाडी असताना भाड्याची गाडी?" मी म्हणालो. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा. पिकअप वर्षभर उभी आहे. चालेल का ती?"

"माझ्यावर सोड."

संसारात काही वाक्यं अशी असतात की ती तोंडातून बाहेर पडताना फार बरं वाटतं. तिने टेम्पो रद्द केला. सासरे गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रदर्शनाच्या बरोबर बारा दिवस आधी, मी पार्किंगमध्ये जाऊन गाडी चालू केली. इंजिन एका फटक्यात सुरू. मी गॅलरीकडे बघून हात हलवला. दांडा पीवरून, म्हणजे पार्किंगवरून, डीवर, म्हणजे पुढे जायच्या गिअरवर आणला. काही नाही. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन जोरात ओरडलं, पण गाडी जागची हलेना. मी मनात एक, दोन, तीन मोजायला लागलो. सातला खालून कुठूनतरी 'धड्' असा आवाज आला आणि गाडी अशी काही पुढे उसळली की समोरच्या खांबाच्या आणि माझ्यामध्ये देव आणि ब्रेक एवढेच उरले.

"विचार करते ती," पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खिडकीतून म्हणाले. "डीवर टाकली की आधी विचार करते."

या मुख्याध्यापकांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण इमारतीतला प्रत्येक माणूस त्यांना अजून सातवीतलाच वाटतो. पाच मिनिटांत ते खाली हजर. "ऑइल बघितलंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मला हसू आलं. मोजमापाच्या खात्यातल्या माणसाला कोणी विचारतो का, मोजलंत का म्हणून? मी गाडी बंद केली. जमीन सपाट आहे याची खात्री केली. पंधरा मिनिटं सगळं शांत होऊ दिलं, कारण आमच्या खात्याचा पहिला नियमच आहे की तराजू हलत असताना माप घ्यायचं नाही. मग गिअरबॉक्सच्या नळीतली डिपस्टिक बाहेर काढली. डिपस्टिक म्हणजे ऑइल किती आहे ते दाखवणारी लांब चपटी काठी. ती पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली, उजेडात धरली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर. "पूर्ण," मी म्हणालो आणि त्याच दिवशी एक वही घातली. तारीख, वेळ, हवामान, माप, शेरा. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी माप घ्यायचो. रोज शेरा तोच. पूर्ण.

सासरे गॅलरीतून बघत असत. एकदा मी वर बघितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की ऑइल पूर्ण असेल तर दोष गाडीच्या वळणात आहे. "आळशी विद्यार्थी आणि ही गाडी यात मला फरक दिसत नाही. तिला अंदाज येऊ द्यायचा नाही. एन, डी, एन, डी, असं भराभर करा. गोंधळेल आणि चालायला लागेल." मी केलं. गाडी गोंधळली नाही, मीच गोंधळून आरवर टाकली आणि मुख्याध्यापकांची सायकल गेली. तिचं मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं झालं. गंमत म्हणजे मागे जाताना गाडी मुळीच विचार करत नव्हती. सुरकन गेली.

"बघा!" मुख्याध्यापक सायकलीचं दुःख गिळून म्हणाले. "मागे हुशार आहे! असे विद्यार्थी असतात."

याच सुमारास पार्किंगच्या फरशीवर लाल डाग दिसायला लागले. रुपयाएवढे सुरुवातीला, मग बशीएवढे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली की फरशी रंगवणाऱ्याने ती स्वतः घासून द्यावी. ही तेव्हा प्रदर्शनासाठी कुंड्या विटकरी रंगाने रंगवत होती. दोन आणि दोन चार करणं हा माझा पेशाच आहे.

"अगं, रंगाचा डबा खाली नेतेस तर झाकण लावून ने ना."

"मी रंग गच्चीवर लावते. खाली नेलाच नाही."

"मग हे डाग काय आकाशातून पडले?"

"मला काय माहीत! पण माझे नाहीत."

"सगळ्या इमारतीत लाल रंग एकट्या तुझ्याकडे आहे."

तिने पदर खोचला. फडकं आणि बादली घेऊन खाली गेली आणि न केलेले डाग पुसून आली. तरी सकाळी डाग पुन्हा तिथेच, ओलेचे ओले. मी मान हलवली. काही माणसं चूक कबूलच करत नाहीत, त्याला काय करणार.

सहा दिवस उरले तेव्हा मी मेकॅनिक बोलावला. नाक्यावर गेली तीस वर्षं बसणारा, रिक्षापासून ट्रकपर्यंत सगळं हाताखालून गेलेला माणूस. तो गाडीत बसला आणि डावा पाय अंधारात चाचपत राहिला.

"क्लच कुठंय?"

"नाहीये. ऑटोमॅटिक आहे."

"कोणी काढला?"

त्याला समजावण्यात थोडा वेळ गेला. मग त्याने गाडीखाली डोकं घातलं, वर काढलं, हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं का?"

मी वही पुढे केली. त्याने पानं उलटली. रोजचं माप, रोजची सही, समासात तांबडी रेघ. "तुम्ही वजन-मापवाले ना?" तो आदराने म्हणाला. "आमच्या मेव्हण्याचा तराजू तुम्हीच जप्त केला होता. मग माप बरोबरच असणार. ऑइलचं काम नाही हे. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. उतरवायला दोन दिवस, बाकीचे परत कसा चढवायचा ते शोधायला."

खोटं बोलला नाही माणूस, एवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

ही दारात उभी राहून ऐकत होती. "टेम्पो बघू का परत?" तिने हळूच विचारलं. मला ते 'हळूच' टोचलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "गरम झाली की चालते ती. मी रोज बघतोय. तू काळजी करू नकोस." आणि ते खरंही होतं. वीसेक मिनिटं इंजिन चालू ठेवलं की गाडी कुरकुरत का होईना, पुढे जायची. चढावर मात्र इंजिन तिप्पट ओरडायचं आणि गाडी गोगलगायीसारखी सरकायची. सासरे जिन्यात भेटले. मी म्हणालो, "चालतेय." ते म्हणाले, "बरं."

नंतर आलं प्रदर्शनाच्या आयोजकांचं पत्र. मैदानात येणाऱ्या प्रत्येक मालवाहू गाडीला वाहतूक कार्यालयाचा 'गाडी सुस्थितीत आहे' असा दाखला हवा. दाखला नसेल तर फाटकातून प्रवेश नाही. मी गुरुवारी रजा काढून गाडी वाहतूक कार्यालयात नेली. वीस मिनिटं गरम करून, सपाट रस्त्याने, लांबचा वळसा घालून. फाटकाशी पोचलो तेव्हा मी जिंकलो होतो.

पण कार्यालय म्हटलं की रांग आली. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाची सुट्टी जाहीर केली, तिसरीवर चष्मेवाला कारकून बसला होता, त्याने अर्ज उलटा धरून बघितला आणि विचारलं, "गिअर किती?" मी म्हणालो, "पी, आर, एन, डी." तो म्हणाला, "मी किती विचारलं, कोणते नाही." मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. बाहेरच्या बाजूला इतकं ऊन असतं हे मला माहीत नव्हतं. यापुढे कुठल्याही दुकानदाराला 'उद्या या' म्हणायच्या आधी मी दोनदा विचार करीन, असं मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं. (ते मी अजून तरी पाळलंय.)

तीन तासांनी तपासणीचा नंबर लागला. तोवर गाडी गार.

"घ्या पुढे, त्या पांढऱ्या रेषेपर्यंत," तपासणी अधिकारी म्हणाले.

मी डीवर टाकली. इंजिन ओरडलं. सात मोजले, पंधरा मोजले, तीस मोजले. मागे रांगेतल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"काय झालं?"

"विचार करतेय, साहेब."

"मागे तरी जाते का?"

मी आरवर टाकली. सुरकन वीस फूट मागे. ट्रकवाल्यांनी हॉर्न बंद केले आणि आपापल्या गाड्या वाचवायला धावले. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "ऑइल बघितलंत?"

मी वही काढली. ती वही बघून त्या माणसाचा चेहराच बदलला. इतकी नीट आखलेली वही त्या आवारात कित्येक वर्षांत आली नसावी. त्यांनी शेवटच्या नोंदीखाली 'पाहिले' असं लिहून गोल शिक्का मारला. मग दोघे ट्रकवाले आणि मी अशा तिघांनी ढकलून गाडी उलटी वळवली आणि मी ती मागे मागे घेत पांढऱ्या रेषेपर्यंत व्यवस्थित आणली. अधिकारी अर्ज घेऊन कारकुनाकडे गेले. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"इथे काय विचारलंय? 'वाहन चालते काय?' एवढंच ना? चालते."

"पण साहेब, मागे."

"कुठे चालते हे कुठे विचारलंय?"

दाखल्यावर लिहून आलं, 'वाहन चालते. दिशा नमूद नाही.' मुदत सात दिवस. गाडी पुन्हा अर्धा तास गरम करून मी तो घडी न करता घरी आणला आणि हिला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. "म्हणजे आपण प्रदर्शनाला मागे मागे जायचं?" आणि ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली, त्यामुळे मीही हसलो. गॅलरीतून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता, हे मला नंतर कळलं.

रविवार उजाडला. सहापासून आम्ही कुंड्या खाली आणत होतो. मुख्याध्यापकांनी जड कुंड्या पुढे, हलक्या मागे अशी रचना सुचवली, मग ती मोडून जड मागे, हलक्या पुढे अशी सुचवली. एकशे चाळीस कुंड्या चढल्या. हिने नवी साडी नेसली होती, हातात गाळ्याचं पत्र. सासरेही खाली आले आणि जिन्याजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले. मी वही काढून शेवटचं माप घेतलं. पूर्ण. इंजिन चालू केलं, वीस मिनिटं गरम केलं, आणि डीवर टाकली.

काही नाही. तीस मिनिटं गरम केलं. काही नाही. पार्किंगमधून रस्त्यावर जायला छोटा चढ आहे, तिथवर तरी जावं. गाडी तसूभर हलली नाही. आता आरवर टाकून बघितली, तर तीही विचार करायला लागली. मागची हुशारीही संपली होती. आठ वाजून गेले. मी वहीत शेऱ्याची जागा रिकामी सोडली.

ही गाडीच्या मागे गेली. मला आरशात दिसत होतं. तिने पहिली कुंडी उचलून खाली ठेवली. मग दुसरी. टेम्पोवाल्याला फोन केला होता, रविवारी एकही गाडी मोकळी नव्हती. मी उतरून तिच्याजवळ गेलो.

"अगं, थांब जरा."

"असू द्या हो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत अर्ज करू. एवढं काय त्यात."

ती रागावली असती, मला बोलली असती, तर मी तोंड वर करून भांडलो असतो. तिने एक छोटा निवडुंग हातात घेतला होता आणि त्याची माती बोटाने नीट करत होती. मला फार वाईट वाटलं. इतकं की त्यात माझा मानही बुडाला, आणि मला पोहता येत नाही.

मी जिन्याजवळ गेलो.

"बाबा."

वर्तमानपत्र खाली आलं.

"काय करू?"

मुख्याध्यापक बोलायला लागले होते, तेही थांबले. सासऱ्यांनी चष्मा सारखा केला.

"विचारताय?"

"विचारतोय."

ते उठले. इतक्या चटकन उठले की गुडघा दुखतो हे विसरलेच असावेत. "गाडी चालू करा."

"मोजायचं असेल तर बंद..."

"चालू करा. ब्रेक दाबून ठेवा. दांडा सगळ्या अक्षरांवरून एकदा फिरवून आणा. हं. आता परत पीवर. इंजिन चालूच राहू द्या. आता काढा काठी."

इंजिन चालू असताना, सगळं थरथरत असताना माप घ्यायचं! माझ्या खात्यातले सगळे साहेब माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी काठी काढली, पुसली, घातली, काढली. कोरडी. खालच्या खुणेवरही काही नाही. टोकाला एक थेंब लोंबकळत होता, लाल.

"हे कसं काय? रोज तर पूर्ण होतं!"

"गाडी बंद केली की वरचं सगळं ऑइल खाली उतरून बसतं, कमी असलं तरी काठी भरलेली दिसते," सासरे म्हणाले. "जेवायच्या सुट्टीत सगळे कामगार हजरच दिसतात हो. कामावर खरे किती आहेत ते काम चालू असताना मोजायचं." मग थांबून म्हणाले, "काठी उलटी करा."

मी केली. मागच्या बाजूला तेरा दिवस माझा अंगठा असायचा. अंगठ्याखालचा मळ पुसला तर धातूत कोरलेली अक्षरं होती: इंजिन गरम, चालू, दांडा पीवर असताना माप घ्यावे. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली नाहीत म्हणून मी लोकांना दंड करतो. मी ती अक्षरं दोनदा वाचली. मुख्याध्यापकांनी मान वळवून वाचलं आणि म्हणाले, "प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचाव्यात, हे मी चाळीस वर्षं..." हिने त्यांच्याकडे बघितलं. ते गप्प झाले.

"आणि ते फरशीवरचे डाग," सासरे म्हणाले, "रंगाचे नाहीत. रंग वाळतो. हे इतके दिवस ओलेच आहेत. गिअरबॉक्सखालच्या ऑइलपॅनचे, म्हणजे तळातल्या थाळीचे, बोल्ट ढिले झालेत, तिथून गळतंय."

ही कुंडी खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन उभी राहिली.

"ऐकू आलं का?" तिने विचारलं.

"आलं."

"मग म्हणा ना. मोठ्याने. सेक्रेटरींच्या खिडकीपर्यंत जाऊ दे."

"डाग माझ्या गाडीचे होते!" मी ओरडलो. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "हिच्या रंगाचे नव्हते! माझी चूक झाली!"

"गाडी पण माझीच आहे," ती म्हणाली, पण आता तिच्या तोंडावर हसू फुटत होतं.

"पण बाबा, आता रविवारी सकाळी हे ऑइल मिळणार कुठे?" मी घड्याळाकडे बघितलं. साडेआठ.

सासरे वळले, आपल्या हत्यारांच्या जुन्या लाकडी पेटीशी गेले, जी जिन्याखालीच असते, आणि तिच्यातून ऑइलचे तीन सीलबंद डबे, एक नरसाळं आणि पाना काढला.

"हे कधी आणलंत?"

"तुम्ही वही घातलीत त्या दिवशी."

"बाबा!" ही किंचाळली. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"विचारलं नाही कोणी," सासरे म्हणाले. मग थोडे ओशाळून, "शब्द दिला होता."

तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. कोणाला आधी झापावं हे तिला ठरवता येईना, त्यातच आम्ही दोघेही वाचलो.

पुढची वीस मिनिटं मी इस्त्रीच्या शर्टात गाडीखाली उताणा पडून होतो. इंजिन बंद. सासरे वरून सांगत होते. "समोरासमोरचे आवळा, एका ओळीत नाही. हं, बास. पिळू नका, आटा जाईल." कामचलाऊ होतं ते, नंतर थाळीला नवीन गॅस्केट, म्हणजे मधली गळती रोखणारी पट्टी, टाकावीच लागली, पण त्या दिवसापुरतं धरलं. मग काठीच्याच नळीत नरसाळं लावून थोडं थोडं ऑइल ओतलं, इंजिन चालू करून माप, पुन्हा थोडं, पुन्हा माप. मी बाहेर आलो तेव्हा शर्टच्या पाठीवर मोठा लाल गोल होता. हा रंगाचा आहे असं या वेळी मी म्हणालो नाही.

डीवर टाकली. गाडीने विचार केला नाही. भरल्या कुंड्यांसकट चढ चढून रस्त्यावर आली. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपण आधीच ऑइल म्हणालो होतो याची आठवण करून दिली. ते खरंच होतं. त्यांची सायकल मी दुरुस्त करून देणार आहे.

आम्ही तिघं पुढच्या सीटवर. ही मध्ये, मांडीवर निवडुंग. आणि मग सुरू झालं. बारा वर्षं साठलेलं होतं ना.

"जावईबापू, ब्रेक आधीपासून हलका लावा. एकदम नाही. आरसा जरा खाली. हां. वळणावर एवढे हातवारे करून स्टिअरिंग नका फिरवू. तुमचा तो निळा शर्ट आखूड झालाय. बँकेतल्या माणसाशी बोलताना तुम्ही आधीच हो म्हणता, तसं म्हणू नका. डावीकडून घ्या, खड्डा आहे. हिच्या लहान बहिणीच्या लग्नात तुम्ही जे भाषण केलंत ना..."

"बाबा," ही म्हणाली, "भाषणाचं राहू दे."

"नाही नाही, सांगू दे," मी म्हणालो. खरं सांगतो, मला ते बरं वाटत होतं.

मैदानाच्या फाटकावर पहारेकऱ्याने दाखला मागितला. वाचला. पुन्हा वाचला. "दिशा नमूद नाही?"

"पुढे," मी म्हणालो.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी गाळा क्रमांक एकतीसवर पहिली कुंडी लागली. दुपारपर्यंत निवडुंग संपले. संध्याकाळी तिला एक प्रशस्तिपत्र मिळालं, तेही तिने मला वाचायला दिलं. खरंच तिचंच नाव होतं.

घरी आल्यावर मी वही उघडली, सगळ्या नोंदींवर तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आणि आमच्या खात्यात खोट्या मापावर लिहितात तसं 'अग्राह्य' लिहून खाली सही केली. तो गोल शिक्का मात्र तसाच ठेवला, त्याचा काय दोष.

ही चहा करत होती. कप फळीच्या डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते.

"बाबा," मी म्हणालो, "ही फळी वाकडी आहे का हो?"

सासरे उठले. आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर लाकडाची एक छोटीशी पाचर होती, एका टोकाला जाड, दुसऱ्याला कागदासारखी पातळ, घासून घासून गुळगुळीत केलेली. लाकूड जुनं होऊन काळपट पडलं होतं.

त्यांनी ती फळीच्या डाव्या कोपऱ्याखाली अंगठ्याने हलकेच दाबली. फळी इतकीशी वर आली. तंतोतंत बसली.

"ही कधी केलीत?" मी विचारलं.

"तुम्ही 'विचारल्याशिवाय' म्हणालात ना," सासरे म्हणाले, "त्याच संध्याकाळी."

हिने कप धुऊन फळीवर मधोमध ठेवला. तो जागचा हलला नाही.